मुळाशी सुटे केस

६ ऑगस्ट २००१

दिवसभर एक नवरी कापत बसले. मागं ताजमहाल पाहिजे हा नवरदेवाच्या भावाचा हट्ट. ताजमहाल आला, पण नवरीचे केस गेले. दोरीनं कापलं की असंच होतं. (दोरी म्हणजे फोटोशॉपमधलं ते फोटोतल्या माणसाभोवती फास टाकायचं औजार. इंग्रजी नाव क्लासातल्या सरांनी सांगितलं होतं, माझ्या जिभेला वळत नाही.) डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखं दिसतं. भाऊ ह्यांच्यावर खेकसला, "आमच्या वैनीचं टक्कल कावून केलं बे?" ह्यांच्याऐवजी मीच बोलले, "टक्कल नाही, भुरभुरे केस होते ते कापले." म्हणतो, "मग भुरभुरू द्यायचे की!"

बरोबरच आहे त्याचं. बीडच्या क्लासात अख्खा माणूस कापायला शिकवलं, केस सोडून.

दुकान बंद करायच्या वेळी मामा आले. सासरे किराण्याचं दुकान सोडून आमच्या स्टुडिओत कधी पाय ठेवत नाहीत. कॉम्प्युटरच्या वाऱ्यानं डोकं धरतं म्हणे. स्टुलावर बसले, दाराकडं पाहिलं.

"पोरी, रेखाचा एक फोटू काढायचा. घाटनांदूरला पाठवायचाय. घर चांगलं हाय, पोरगं बी शिकलेलं हाय."

काढू की, मी म्हणाले.

"केस मोकळे सोडलेला पायजे त्यास्नी. आन् जट दिसू द्यायची न्हाई." मग आणखी हळू, "तुज्या आत्याबाईला बी कळू द्यायचं न्हाई."

झालं. आली का पंचाईत!

७ ऑगस्ट

डोक्यातून जात नाही. लिहूनच टाकते.

रेखा माझी धाकटी नणंद. चारचौघांत रेखाताई म्हणावं लागतं, इथं नाही म्हणत. दोन वर्षांमागं टायफॉईडनं पडली, महिनाभर डोक्याला फणी नाही. उठली तेव्हा उजव्या कानामागं केसांचा गठ्ठा झालेला. मी तेव्हाच म्हणाले होते, खोबरेल घालू, हळूहळू सोडवू. तेवढ्यात ती गोदाबाई, देवीची आराधीण, जोगवा मागायला आली, गठ्ठ्याला हात जोडले, "आई आली गं तुमच्या घरात." संपलं. तेव्हापासून हळद, कुंकू, उदबत्ती. जट आता मनगटाएवढी जाड झालीय, कमरेपर्यंत लोंबते. पोरगी मान एका अंगाला धरून चालते. त्या कुशीवर झोपता येत नाही.

जटेला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. कापायचं तर नावच नको. मुळातून रक्त येतं म्हणे, आणि घरातलं कुणीतरी जातं.

आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बोलून टाकलंय की यंदा घट बसतील त्या दिवशी रेखाच्या हातात जोगव्याची परडी द्यायची. परडी घेतली की ती देवीची. मग लग्न नाही, घर नाही. गोदाबाईच्या मागं दारोदार हिंडायचं.

रेखाला कुणी विचारलं? नाही. मला विचारलं? मी कोण लागून गेले.

९ ऑगस्ट

आत्याबाई सकाळच्या एस.टी.नं माहेरी गेल्या, संध्याकाळी येणार. रेखाला दुकानात आणलं. ह्यांनी नेहमीच्या धबधब्याच्या पडद्यापुढं बसवलं.

"वैनी, कुठं बघू?"

"कॅमेऱ्यात."

"हसू का?"

"तुझी मर्जी."

"मग न्हाई हसत."

जट मागं टाकली तर मान वाकडी, पुढं घेतली तर सगळ्या फोटोत तीच. शेवटी हे म्हणाले, राहू दे दिसेल तशी, आत कॉम्प्युटरवर कापता येईल. आत म्हणजे मी.

१२ ऑगस्ट

नाही जमत. पडदा तपकिरी, केस काळे-तपकिरी, तेलानं चप्प बसलेले. फोटोशॉपमधली जादूची कांडी लावली तर केसांबरोबर अर्धा धबधबा उचलून येतो. दोरी लावली तर पुन्हा पातेलं. जट नुसती खोडली तर तिथं भोक पडतं, कारण भोवतीचे बारके केस तिच्यात गुंतलेत. ते एकेक सोडवून ठेवायचे आणि जट तेवढी काढायची. खसखस निवडायचं काम.

कानापर्यंत आले होते. लाईट गेली. सेव्ह केलं नव्हतं. यूपीएस कधीच मेलाय, हे आज आणतो उद्या आणतो करतात. सगळं गेलं. मी कीबोर्डवर हात आपटला तर शेजारी झोपलेला आमचा पोरगा बंटी उठला, रडायला लागला. मग मी पण रडले थोडं.

(लाईट गेली हे रोज लिहून हात दुखतो. इथून पुढं नुसतं ला. गे.)

१३ ऑगस्ट

बीडच्या सरांना फोन. सर हसले. म्हणाले, केस कापायचे नसतातच, केस शोधायचे असतात. प्रत्येक फोटोच्या आत तीन फोटो असतात, लाल, हिरवा, निळा. तिन्ही उघडून बघा. ज्यात केस सगळ्यात काळे आणि मागचं सगळ्यात पांढरं, तो घ्या. त्यातला काळा आणखी काळा करा, पांढरा आणखी पांढरा. मग केस आपोआप वेगळे होतात, अगदी सुटा केससुद्धा.

"पण मॅडम, मागं पांढरं पाहिजे. धबधबा नको."

आणि तेल नको. तेलानं दहा केसांचा एक केस होतो.

म्हणजे डोकं धुवायला पाहिजे. जट धुवायची कशी?

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. आत्याबाई बंटीला घेऊन शाळेतला कार्यक्रम बघायला गेल्या. रेखाला विचारलं, शिकेकाईनं धुशील का सगळं? मला हात लावता येत नाही गं.

म्हणाली, "मला तर येतो ना? माजीच हाय की."

न्हाणीतून येईना कितीतरी वेळ. बाहेर आली तर डोळे लाल. हळदीचं पाणी पिवळंजर्द वाहत होतं मोरीतून, मी बादलीनं घालवलं. दुकानात नेऊन पांढऱ्या चादरीपुढं बसवली. वाळलेले केस पंख्यानं भुरभुरत होते. हे म्हणाले, पंखा बंद कर. मी म्हणाले, असू द्या.

घरी जायच्या आधी तिनंच जटेला पुन्हा हळद लावली.

१७ ऑगस्ट

निळ्यात सापडले केस! अहाहा. पांढऱ्यावर एकेक. कपाळावरची बारीक लव पण आली. नवरीला टक्कल केलं त्याची लाज वाटली आता.

पण आज दुसरंच लिहायचंय.

जट काढायची म्हणून भिंग लावून खूप मोठं केलं, एवढं की पडद्यावर नुसता कानामागचा भाग. तिथं बघत बसले. तेल नाही, हळद नाही, त्यामुळं पहिल्यांदाच नीट दिसलं. जट डोक्यातून निघतच नाही. चार बोटं खाली सुरू होते. वर, कातड्यापाशी, केस सुटे आहेत. बारीक, साधे, माझ्या-तुमच्यासारखे. मध्ये पांढरं कातडं दिसतं. सगळे म्हणतात जटेला मूळ असतं, आत मेंदूपर्यंत गेलेलं. कुठंय? मी वर बघितलं, खाली बघितलं. नाही.

जट झाल्यापासून दोन वर्षं एकाच घरात राहतो आणि हे मला फोटोत दिसलं. कुणी बघूच दिलं नाही तर कसं दिसणार.

ला. गे. या वेळी सेव्ह केलं होतं.

१८ ऑगस्ट

झालं. डाव्या बाजूचे केस उचलून उलटे करून उजवीकडं लावले. कडा मऊ केल्या. जट गेली.

रेखाला बोलावलं. ती स्टुलावर बसली, बघत राहिली. मला वाटलं हसेल, निदान लाजेल. म्हणाली, "ही कोण?"

"तूच."

"मान सरळ हाय हिची."

मान तर मी सरळ केलीच नव्हती. जट नाही म्हणून तशी वाटते. मग मी भिंग लावून ते कानामागचं दाखवलं, जट काढायच्या आधीचं. सुटे केस, मधलं कातडं. तिनं काचेला बोट लावलं. पोळ्या टाकायच्यात म्हणून उठून गेली.

मामांना फोटो पसंत. एक मोठी प्रत आपल्या ट्रंकेत ठेवायची म्हणाले. बापाचा जीव.

२० ऑगस्ट

आधी दार लावून घेतलं, मग लिहायला बसले.

बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. मामांच्या मोठ्या प्रतीसाठी बीडच्या लॅबला सीडी पाठवायची होती. एस.टी. सुटायला आली म्हणून हे बाहेरच्या काउंटरवरून ओरडले, "अगं, रेखाची जट कापली का?"

मी आतून ओरडले, "परवाच कापली! सीडी पण झाली!"

आमच्यात कापणं म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक. काउंटरपाशी कोण उभं होतं? गोदाबाई. रेशनकार्डाला फोटो काढायला आलेली. ती फोटो न काढताच गेली हे मला नंतर कळलं.

तासाभरात सगळ्या बाजारात झालं, स्टुडिओवाल्याच्या बायकोनं देवीची जट कापली. आत्याबाई भाजीची पिशवी टाकून पळत आल्या. रेखा दुकानाच्या पायरीवर बंटीला चिवडा भरवत होती. आत्याबाईंनी सगळ्यांसमोर तिची ओढणी ओढली. जट होती जागेवर. त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि तिथंच खाली बसल्या. "हाय गं माय, हाय." त्यांना धाप लागली होती. भोवती माणसं गोळा. रेखा मान खाली घालून उभी, डोकं उघडं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग कुणीतरी विचारलंच, मग कापली म्हणत होती ती काय? आणि ह्यांनी, शहाण्यांनी, खरं सांगितलं. फोटोतली कापली म्हणून. घाटनांदूरचं पण सांगितलं.

२१ ऑगस्ट

आत्याबाईंनी अन्न सोडलंय. मामांशी बोलत नाहीत. माझ्याशी एकच वाक्य, "फोटुतली कापली तरी कापलीच. लाव परत."

सांगितलं, आत्याबाई, फोटो गेला टपालात, कालच. मामांनी टाकला.

"मग आता काय व्हईल ते तू बघ."

२३ ऑगस्ट

हे म्हणतात, तू कशाला पडलीस यात. मी! तुम्ही बाजारात ओरडलात, मामांनी फोटो मागितला, आणि मी पडले! तिन्हीसांजेला भांडण नको म्हणून पोळ्या लाटायला घेतल्या. पोळी करपली, तीच वाढली त्यांना.

२६ ऑगस्ट

लक्ष्म्या बसल्यात घरात. दारातून पावलं काढून आणल्या काल, आज जेवणं.

बंटी पहाटेपासून तापलाय. अंग चटका बसावा असं. थंडी वाजून दात वाजतात. चादरीवर चादर घातली.

आत्याबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

मी शिकलेली बाई. कॉम्प्युटर चालवते. मला कळतं की निळ्या रंगातले ठिपके इकडचे तिकडं केल्यानं पोराला ताप येत नाही. कळतं. तरी मी लक्ष्म्यांपुढं पदर पसरला. पोराला सोड म्हणाले, मी परत लावते जट. दुकानात गेले, जुनी फाईल उघडली, जटवाला फोटो काढून देव्हाऱ्यात ठेवला. लिहिताना लाज वाटते पण केलं हे मी.

२७ ऑगस्ट

सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. हिवताप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गावात दहा घरांत आहे, पाण्याच्या टाक्या झाका. गोळ्या दिल्या.

हिवताप! दहा घरांत! त्या दहा घरांत काय दहा जटा कापल्या?

तरी देव्हाऱ्यातला फोटो काढायला हात धजत नाही.

२९ ऑगस्ट

ताप उतरला. खिमट खाल्लं.

आत्याबाई बंटीच्या उशापासून हलल्या नाहीत. आज मला म्हणाल्या, मी विचारलं नसताना. त्यांची थोरली बहीण, तिला जट होती. नवऱ्यानं दारूच्या भरात विळ्यानं कापली. महिन्याच्या आत ती गेली. "माज्या मांडीवर गेली बघ. मी लहान व्हते. रगत आलं व्हतं, मी बघितलंय."

विळ्यानं कापल्यावर येईल नाही तर काय. कातडंच कापलं असणार मेल्यानं. पुढं जखम चिघळली असेल. हे सगळं ओठावर आलं. पण त्या बंटीचे पाय दाबत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला वाटायचं बाईला पोरीची कीव नाही. पण पोरगी मरेल या भीतीनं परडी देतायत. देवीची झाली तर निदान जगेल, असा हिशोब.

त्यांच्या हाताला हात लावला, त्यांनी काढून घेतला नाही.

४ सप्टेंबर

घाटनांदूरहून मुलाच्या काकांचा फोन. फोटू लई आवडला. आता पितरपाठ, पुढं धोंड्याचा महिना, तेव्हा घट बसतील त्या दिवशी येतो बघायला.

म्हणजे ज्या दिवशी आत्याबाई परडी देणार, त्याच दिवशी. मामा फोन ठेवून घाम पुसत होते.

२२ सप्टेंबर

धोंड्याचा महिना लागला. माझे बाबा येऊन ह्यांना जेवायचं सांगून गेले. जावईबापू खुश, अनारशांची स्वप्नं बघतायत. यूपीएस अजून नाही.

रेखा बोलत नाही कुणाशी. रोज दुपारी येते, स्टुलावर बसते, म्हणते, "ते मोठं करून दावा." मी दावते. बघते आणि जाते.

३० सप्टेंबर

आज बोलली. एकदम.

"वैनी, त्यास्नी खरा फोटू पाठवा."

मी म्हणाले, मामा मला उभी चिरतील.

"मग मांडवात काय माउस घेऊन बसताल का माज्या डोक्यापाशी?"

हसू आलं दोघींना. कितीतरी दिवसांनी. मग ती म्हणाली, "त्यो फोटू बघून येतेत ते तिला बघायला येतेत. मला न्हाई. आन् आई परडी देती ती जटेला देती. मला बी न्हाई. मला बघायला कोण येतंय, सांगा की."

तिचा खरा फोटो उघडला. पांढऱ्या चादरीवरचा, जटेसकट, मान वाकडी, न हसणारा. प्रिंट काढली. मागं तिनं स्वतः नाव लिहिलं. मी पेटीत टाकून आले. मामांना सांगितलं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, मला काही माहीत नाही, मी ऐकलंच नाही. धन्य.

८ ऑक्टोबर

घाटनांदूरहून काहीच उत्तर नाही. फोन वाजला की मामांच्या आधी मी धावते.

आज रेखानं जटेतला एक केस कापला. एकच. फोटो कापायच्या कात्रीनं, तिनंच, माझ्यासमोर. कापला आणि कात्रीचं पातं बघितलं दोन्हीकडून. रक्त नाही. काहीच नाही. केस टेबलावर पडला, एवढासा.

मग आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत पाळीपाळीनं बंटीच्या कपाळाला हात लावत होतो. त्याला वाटलं खेळ आहे. तोही आमच्या कपाळाला हात लावत फिरला.

९ ऑक्टोबर

बंटी ठीक. मामा ठीक. आत्याबाई ठीक. मीही ठीक, सर्दी आहे पण ती आधीपासून.

१२ ऑक्टोबर

मामांना कळलं. घाटनांदूरचे काका म्हणाले म्हणे, दोन फोटू आले, दोन पोरी हायेत का तुमाला? मामांनी काय उत्तर दिलं सांगत नाहीत. येणार का नाही तेही सांगत नाहीत. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "तू माजं नाक कापलंस, पोरी."

पुन्हा कापणं. हा शब्द मला आता नको झालाय.

पण संध्याकाळी रेखाच्या ताटात त्यांनी स्वतः तूप वाढलं.

१४ ऑक्टोबर

आत्याबाईंनी परडी आणली. नवी, वेताची, कवड्यांची माळ पण. गोदाबाई ओटा सारवायला सांगून गेली. रेखानं सारवला. मान तिरकी धरून, जट कमरेला खोचून. मी बादली धरली. तिला म्हणाले, मी बोलू का आत्याबाईंशी? "काय बोलताल?" तेच तर.

मग रात्रीचं जेवण झाल्यावर बोललेच. आत्याबाईंना म्हणाले, तुमच्या बहिणीचं झालं ते कातडं कापल्यामुळं झालं. रेखाच्या जटेला मूळ नाही, मी बघितलंय. म्हणाल्या, "तू कशी बघशील? हात लावलास?" नाही, फोटोत. "फोटुत!" म्हणाल्या आणि भांडी वाजवत उठल्या. पण जाता जाता थांबल्या जरा. मला तसं वाटलं.

१६ ऑक्टोबर

उद्या घट.

सकाळी दुकान उघडतेय तर रेखा आधीच पायरीवर. डोकं धुतलेलं, केसांतून पाणी गळतंय, जटेवर हळदीचा ठिपका नाही. आत आली, स्टुलावर बसली, फोटो कापायची कात्री टेबलावर आपल्यापुढं ठेवली.

"घाटनांदूरचे येवोत न येवोत. मला ती मान पायजे, फोटुतली."

मी म्हणाले, थांब, वाळू दे जरा. खरं म्हणजे मलाच वेळ पाहिजे होता. तिला म्हणाले तसं. "मला भीती वाटते गं." म्हणाली, "मला बी." आणि बसली तशीच.

तेवढ्यात दारात आत्याबाई. डोक्यावर घटाच्या काळ्या मातीची पाटी. मला वाटलं आता आरडाओरडा, आता बाजार गोळा होणार. त्यांनी पाटी उतरवली. पोरीकडं बघितलं, कात्रीकडं बघितलं. पुढं झाल्या, कात्री उचलली आणि पदराखाली घेतली. ओल्या जटेखाली दुसरा हात घातला, ती त्यांच्या तळहातावर राहिली. रेखानं मान सोडली. दोन वर्षं तोलून धरलेली मान तिनं आईच्या हातावर सोडली.

आत्याबाई मला म्हणाल्या, "ते मूळ न्हाई म्हणतीस ते दाव मला."

कॉम्प्युटर लावला. वेळ लागतो त्याला, आज जास्तच लागला. जुना फोटो उघडायला घातला. मोठी फाईल, वरून पट्टी पट्टीनं उतरते. आधी चादर. मग भांग. मग कपाळावरची लव. आत्याबाई काचेच्या एवढ्या जवळ आल्या की त्यांचा श्वास तिच्यावर दिसला.

"ही पांढरी रेघ काय?"

"कातडं, आत्याबाई. केसांच्या मधलं."

"हं."

कानापाशी आली पट्टी.

"आधी नीट बघू दे," म्हणाल्या. "मग तुला कापायचं ते काप."

कोणतं कापणं? फोटोतलं, का पदराखालच्या कात्रीचं? मी विचारायला तोंड उघडलं आणि पडदा काळा.

ला. गे.

त्या हलल्या नाहीत. मी म्हणाले, आत्याबाई, येईल दुपारपर्यंत, घरी जाऊन या. म्हणाल्या, "बसते की." स्टूल ओढून रेखाला लागून बसल्या. जट मांडीवर, कात्री पदराखाली. रेखा डोळे मिटून आहे, झोपली का जागी कळत नाही. मातीची पाटी दारात तशीच. गोदाबाई एकदा येऊन डोकावली, आत्याबाईंनी तिला हातानं जा म्हणून खुणावलं.

मला काही सुचत नाही म्हणून हे लिहीत बसलेय. मध्येच मान वर करून दिव्याकडं बघते, त्याही बघतात. अजून लाईट आली नाही.